आलास की आलीस

संग्रामपूर, बाजाराचा दिवस

"हात काढ! माह्या खांद्यावरचा हात काढ बे! कोन वसंता? कोनाची वसंता?"

हे ओरडणं सातपुड्यावर जाऊन आपटलं, तिथून माघारी फिरलं आणि मला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं. संग्रामपूरच्या भर बाजारात, लाल मिरच्यांच्या ढिगापाशी, एका अनोळखी बाईच्या खांद्यावर हात ठेवून मी उभा होतो. बाई सहा फूट. आवाज बारा फूट. भोवती इतकी माणसं जमली की पलीकडचा बैलबाजार ओस पडला आणि बैलसुद्धा माना वळवून माझ्याकडे पाहू लागले.

"बाई, चुकलो. माणूस ओळखण्यात गफलत झाली."

"मानूस? मी तुले मानूस दिसतो काय?"

तोंड उघडावं तेवढं आत रुतायला होत होतं.

यात दोष माझा कमी आणि व्याकरणाचा जास्त. मी पुण्याहून आलो होतो ते माझ्या अक्काचं पोर शोधायला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या शेजाऱ्यांचा जावई ओव्हरसियर. त्याची बदली नुकतीच इकडे झाली होती. त्याने सुट्टीत येऊन अक्काच्या कानात सांगितलं, "तुमचा वसंत तिकडे दिसला. लुगडं नेसतो." आणि मला बाजूला घेऊन खूण पटवली, "मामा, अगदी सोपं आहे. उंच अंग, डोक्यावर पदर, आणि बोलताना 'मी जातो, मी येतो' असं पुरुषासारखं बोलणं. ऐकताक्षणी ओळखाल."

तर मिरच्यांपाशी माझ्या पुढे एक उंच अंग उभं, डोक्यावर पदर, आणि म्हणतंय, "आता मी जातो माय, ऊन झालं." मी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "वसंता, मी मामा." पुढचं वर आलंच आहे.

त्या दीडशहाण्या जावयाला हे कळलं नव्हतं की या मुलखात कित्येक बायका 'मी जातो'च म्हणतात. मिरचीवाली म्हणते, तिची सासू म्हणते, कुंकवाच्या दुकानाशी बसलेली म्हातारी म्हणते. मी घटकाभर कान देऊन उभा राहिलो तर अख्खा बाजार 'मी जातो, मी करतो, मी सैपाक मांडतो' असा घुमत होता आणि बोलणाऱ्या सगळ्यांच्या हातात बांगड्या. खांद्यावर हात ठेवत गेलो असतो तर तालुक्याने मला तालुक्याबाहेर नेऊन पुरलं असतं.

आता आधीच सांगून ठेवतो. माझ्या घरात म्हणतात की मामाचं वाक्य पाण्यात भिजवून, घट्ट पिळून मगच वापरावं. ते खरं आहे. पण ही खेप फुकट गेली, आणि ती का फुकट गेली एवढा भाग मी पिळूनच लिहिणार आहे.

वसंत हे अक्काचं एकुलतं एक. वडील, म्हणजे आमचे अण्णा, शाळेत मराठी शिकवायचे. पोर सात वर्षांचं असताना एकदा दप्तर उचलून म्हणालं, "मी शाळेत जाते." अण्णा म्हणाले, "जातो म्हण." पोर म्हणालं, "जाते." त्या दिवसापासून त्या घरात दुसरं काही बोलणंच राहिलं नाही. पानावर बसताना, झोपताना, अंगात ताप असताना, अण्णा त्या एका अक्षरासाठी टपलेले. कॉलेजात जाण्याच्या वयात पोर घरातून निघून गेलं. जाताना चिठ्ठी नाही की निरोप नाही. चिठ्ठी लिहिली असती तर क्रियापद लागलं असतं.

अण्णा यंदा गेले. अक्काने सुतक फिटेपर्यंत वाट पाहिली आणि मला बोलावून एवढंच म्हणाली, "जा, आणि ये म्हणावं."

मी तिला विचारायला हवं होतं, अक्का, आल्यावर काय म्हणशील? नाही विचारलं. गाडीची वेळ झाली होती आणि माझ्या डोक्यात वऱ्हाडी भरीत शिजायला लागलं होतं.

वाटेवर

मिरच्यांपाशी भांडलेल्या बाईचं नाव सुंदरबाई. तिचा राग जसा चढला तसाच उतरला, आणि उतरताना तो हसण्यात उतरला. मी कोण आणि कुणाला शोधतो हे ऐकल्यावर तिने कपाळाला हात लावला.

"अव माय! वासंतीचा मामा! मंग तसं सांगाव ना बाप्पा. वसंता-वसंता काऊन करून राह्यला? अथी त्या नावाचं कोनी नाई."

"वासंती?"

"हाव. माह्या घराच्या पाठीमांग राह्यते. चाल, मी तिकडच जातो." आणि माझ्याकडे डोळे मोठे करून, "जातो! कळलं काय?"

कळलं. यापुढे मीही वासंतीच म्हणणार आहे आणि 'ती' म्हणणार आहे. वाचताना कुणाला खडा लागत असेल तर त्याने इथूनच पान उलटावं. भरताची कृती मी दुसरीकडे कुठेतरी लिहीन.

संग्रामपूरचं ऊन काय सांगू! आमच्या पुण्यात ऊन पडतं. इथे ते अंगावर चालून येतं. वाटेत एका कावळ्याला मी स्वतःच्या सावलीत बसायचा प्रयत्न करताना पाहिला. उत्तरेला सातपुडा असा दिसत होता जणू कुणीतरी क्षितिजाला दुमड घालून ठेवली आहे. सुंदरबाई डोक्यावर मिरचीचं पोतं घेऊन पुढे, मी रिकाम्या हातांनी धापा टाकत मागे.

"वासंती कशी आहे?" मी विचारलं.

"लुगडं नेसाले मीच शिकोलं तिले. पह्यले तं चार पावलं चालली का निऱ्या हातात. आता पहा." मग जरा थांबून, "मामा, तुम्ही तिले नेवाले आले काय?"

"हो."

सुंदरबाईने डोक्यावरचं पोतं सारखं केलं आणि वासंती राहते त्या गुरूमायच्या घरापर्यंत इतकी झपाझप चालली की मला पळावं लागलं.

गुरूमायच्या अंगणात

गावाच्या टोकाला कुडाचं घर, शेणाने सारवलेलं अंगण, लिंबाला बांधलेल्या दोन शेळ्या, खुंटीला ढोलकी. या घरच्या लोकांना गाव पाळण्याला बोलावतं, लग्नाला बोलावतं, नव्या घराच्या वास्तूला बोलावतं, ओटी भरतं, आणि बाकीच्या वेळी ओटा चढू देत नाही. घराची धनीण गुरूमाय. केस पांढरे, कुंकू रुपयाएवढं, बसायची ऐट अशी की कलेक्टर उभा राहिला असता. तिच्याभोवती फुला आणि चांदबी अशा दोन चेल्या. वासंती नदीवर धुणं घेऊन गेली होती.

मी मामा आहे एवढं कळल्याबरोबर मला बाजेवर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि गूळ-शेंगदाणे पुढे आले. आमच्याकडे आधी विचारपूस होते, मग खाणं. इथे तोंड भरून टाकतात, म्हणजे पाहुण्याला खोटं बोलायला उशीर लागतो. पाचच मिनिटांत मी त्या घराचा मामा झालो. वासंतीचा मामा तो फुलाचा मामा, फुलाचा तो चांदबीचा. गुरूमायची गुरुबहीण शेगावकडे असते, ती या सगळ्यांची मावशी. गुरूमायची गुरू होती ती यांची आजी. माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकं गोतावळ्याचं घर भेटलं नाही, आणि त्यात रक्ताचं नातं एक नाही.

मग मी माती खाल्ली. पुणेरी माणसाला घोळ स्वच्छ करून घ्यायची फार हौस. मी म्हणालो, "गुरूमाय, तुम्हा मंडळींना म्हणायचं काय? म्हणजे, रीतसर?"

"रीतसर?" गुरूमायने पान लावता लावता विचारलं. "फौजदार चिडला का एक म्हनते. त्याच्याच घरी पोरगं झालं का दुसरं म्हनते, लय गोड. पोट्टे गोटे मारत तिसरं म्हनते. तुमच्या पुन्यात काय म्हनतात?"

मी सांगितला तो शब्द. पुण्यात भरपूर वापरतात. मीही वापरला आहे, गोष्टी रंगवताना.

शेळीने रवंथ थांबवला.

"हा शब्द," चांदबी म्हणाली, "हम झगडे में भी एक-दुसरीको नहीं बोलते, मामा."

"मग मी काय म्हणू? मला खरंच माहीत नाही हो."

गुरूमायने पानाची पिंक लिंबाच्या बुंध्यापर्यंत उडवली. अंतर मी मोजलं नाही, पण पाहून मन भरलं. "तुमच्या घरी पाहुना आला तं त्याले काय म्हनता? 'या, दोन पायाचे गृहस्थ'? नाव इचारता ना? हे फुला. हे चांदबी. मी गुरूमाय. म्हना."

मी म्हणालो. फुला. हाव मामा. चांदबी. जी मामा. गुरूमाय. "हां," ती म्हणाली, "मोडलं काय काही तोंडाचं?"

तेवढ्यात डोक्यावर ओल्या कपड्यांचा पिळा घेऊन वासंती आली. मला बघून थबकली. उंची अण्णांची, चेहरा थेट अक्काचा, चाळिशीच्या आतल्या अक्काचा, म्हणजे जेव्हा ती हसत असे तेव्हाचा. माझी तोंडपाठ केलेली चार वाक्यं पळून गेली.

"मामा," ती म्हणाली. "कोण गेलं?"

कुणीतरी गेल्याशिवाय आपल्याला कुणी शोधायला येणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"अण्णा," मी म्हणालो.

ती रडली नाही. पिळा खाली ठेवला आणि तशीच उभी राहिली. उठली ती गुरूमाय. तिने हंडा उचलला, वासंतीला लिंबाखालच्या दगडावर बसवलं आणि लुगड्यासकट डोक्यावर पाणी ओतलं. उशिरा कळलं तरी आंघोळ करायची, ही आपली रीत. पण मी पाहत राहिलो, कारण वासंतीमागून फुला बसली, तिच्यामागून चांदबी, आणि शेवटचा हंडा गुरूमायने स्वतःच्या डोक्यावर घेतला. ज्या माणसाने यांना उंबऱ्यावर उभं केलं नसतं, त्याचं सुतक चौघींनी अंगावर घेतलं. चूल पेटली नाही. दिवेलागणीला कुडाच्या पलीकडून सुंदरबाई आली, पिठलं आणि ज्वारीच्या भाकरींचा डालगा घेऊन, आणि मोठ्याने, "दुखाच्या घरी सैपाक नसते, मले समजते. खा."

सोबत ठेचा होता. त्या ठेच्याबद्दल मी एरवी चार पानं लिहिली असती. माझ्या कानातून निघालेल्या धुरावर सुंदरबाईच्या नवऱ्याने विडी पेटवली, असं काहीतरी. पण खरं हे की सगळे जेवले आणि डोळ्यांना पाणी आलं त्याचं नाव आम्ही ठेचा ठेवलं.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

वासंती आणि मी नदीकडे गेलो. नदी म्हणजे वाळू आणि मध्ये पाण्याची एक रेघ. ती कपडे आपटत होती, मी दगडावर बसलो होतो.

"मामा, इथं आल्यावर पहिल्याच दिवशी काय झालं सांगू? सुंदरबाई कुडावरून ओरडली, 'मी पान्याले जातो, येतं काय?' मी ऐकतच राह्यली. अण्णांनी जो शब्द माझ्या घशात कोंबला, तोच शब्द इथं बाया पान्याला जाताना सुखानं वापरतात. मी 'जातो' म्हणाली, तर कुणी वळून पाह्यलं नाही. मी 'आली' म्हणाली, तरी नाही पाह्यलं. मी त्या दिवशी इतकी बोलली, इतकी बोलली, गुरूमाय म्हणाली, हिला कुणी तरी गप्प बसवा."

तिचं पुणेरी आणि वऱ्हाडी एकमेकांत असं विणलं गेलं होतं की कुठला धागा कुठला ते कळेना. मला ते फार आवडलं, हे मी तिला सांगितलं नाही.

"अक्काने ये म्हटलंय," मी म्हणालो. "घर रिकामं आहे. ती एकटी आहे."

हात थांबले. तिला यायचं होतं. हे मी वाढवून सांगत नाही. ते तिच्या मानेत दिसत होतं, पाठीत दिसत होतं. ओल्या हाताने तिने कपाळावरचे केस मागे सारले आणि अगदी हळू विचारलं,

"मी दारात उभी राह्यली, तर आई काय म्हणेल? आलास? का आलीस?"

इथे एक शब्द बोलायचा होता. "आलीस." बोलून गप्प बसायचं होतं. किंवा "मला माहीत नाही" म्हणायचं होतं. पण मी कोण? मी मामा.

"आलीस! आलीस म्हणजे काय, त्याशिवाय दुसरं म्हणणारच नाही! अगं, तिने सगळी तयारी करून ठेवली आहे. तुझ्यासाठी इरकल लुगडं घेतलंय, मोरपंखी! शेजारपाजारी सांगून ठेवलंय, माझी लेक येणार म्हणून! आणि परवा स्वतः कासाराकडे जाऊन डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन आली, काचेच्या, सव्वादोनच्या..."

वासंती हसली. ते हसू मला अजून दिसतं. तिने हात पाण्यातून वर काढला.

"मामा, माझ्या हाताला पावणेतीनची लागते. तीही साबण लावून, फुला धरून ठेवते तेव्हा."

"अगं, बदलून आणता येतील..."

"आणि अण्णांना जाऊन वर्ष नाही झालं. आई कासाराकडं गेली? हिरव्या बांगड्या घ्यायला? पेठेतून? सगळ्यांच्या समोरून?"

मी पायाखालच्या वाळूत बोटाने रेघोट्या ओढू लागलो.

"तू नुसतं 'आलीस' म्हणून गप्प बसला असतास ना मामा," ती कपडे पिळत म्हणाली, "तर मी आत्ता तुझ्याबरोबर निघाली असती. खोटं असतं तरी."

बांगड्या खोट्या निघाल्यावर इरकल खोटं झालं, शेजारी खोटे झाले, आणि मागोमाग अक्काने खरोखर म्हटलेलं "ये" तेही खोटं झालं. मी शपथा घेतल्या. मी जितक्या शपथा घेतल्या तितकी ती मायेने माझ्याकडे पाहू लागली, लहान मुलाकडे पाहावं तशी.

एस.टी.

गुरूमायने दशम्या बांधून दिल्या. "मामा, पुन्हा या. तिले नेवाले नको, भेटाले या," असं म्हणाली. वासंती स्टँडवर आली नाही. सुंदरबाई आली, आणि एस.टी. हलल्यावर इतक्या जोरात "नीट जाजा हो मामा" म्हणाली की ड्रायव्हरने ब्रेक दाबला.

शेगाव स्टेशनला जाणाऱ्या त्या गाडीत मी खिडकीला कपाळ टेकून होतो. माझ्या पुढच्या बाकावर एक बाई कडेवरच्या पोराला घेऊन बसली होती. पोर मुलगा की मुलगी, झबल्यावरून कळायला मार्ग नाही. ती सारखी म्हणत होती, "झोपलं माहं लेकरू. दमलं माहं लेकरू."

मी ताडकन उठून उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, "बसा बाबा, स्टेशन दूर हाय."

लेकरू! ना आलास ना आलीस. 'आलं माझं लेकरू'. हा शब्द अक्काच्या तोंडात नक्की होता. मी स्वतः ऐकला होता, वासंती तापाने फणफणलेली असताना, अण्णा बाहेरच्या खोलीत होते तेव्हा. खोटं बोलायची गरजच नव्हती. आपल्या भाषेत आयतं ठेवलेलं होतं आणि मी मोरपंखी इरकल विणत बसलो. गाडी उलटी फिरवायला सांगावी असं मनात आलं. नाही सांगितलं. सांगितलं असतं आणि परत गेलो असतो, तरी आता मामा काहीतरी नवं रचून आला, एवढंच तिला वाटलं असतं.

पुणे

अक्का दारातच होती. माझ्या मागे कुणी नाही हे पाहून तिने पदराचा बोळा तोंडाला लावला आणि लगेच काढला. मी सगळं सांगितलं. बांगड्यांसकट सांगितलं. पिळून सांगितलं. 'ती' म्हणून सांगितलं. अक्काने मला अडवलं नाही. पण तिने स्वतः 'तो' म्हटलं नाही की 'ती' म्हटलं नाही. "बारीक झालंय का?" एवढं विचारलं, "नदीला पाणी असतं का?" विचारलं, आणि त्या सुंदरबाईला किती मुलं, ते विचारलं.

शेवटी मला राहवेना. म्हटलं, "अक्का, खरं सांग. आत्ता या दारात उभी राहिली असती, तर तू काय म्हणाली असतीस?"

अक्का तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काय म्हणायचंय? हातपाय धू, जेवायला बस."